भावोजी पलीकडे गेले

माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीच्या मासळीबाजारात एका पापलेटाकडे नुसताच बघत उभा होतो. ताई म्हणाली, "जमलं तर ये. तुझे भावोजी देश सोडून चाललेत. आणि येताना पाव घेऊन ये, इथला पाववाला आलेला नाही."

दोन्ही बातम्या तिनं एकाच सुरात दिल्या. आमच्या ताईचा सूर कधी बदलत नाही. विहिरीत साप निघाला तरी तोच, मुलीचं लग्न ठरलं तरी तोच. त्यामुळे बातमी केवढी मोठी आहे हे ऐकणाऱ्यालाच ठरवावं लागतं. मी पापलेटाचा विचार सोडला, पाव घेतले आणि स्कूटर पावसच्या रस्त्याला लावली.

ताईचं घर पावसच्या पुढं, एका खाडीच्या काठावर आहे. मागं हापूसची कलमं, पुढं माड आणि माडांच्या खाली खाडी. भावोजींनी नोकरीची सगळी वर्षं मुंबईत काढली. गणपतीत यायचे, शिमग्याला यायचे, मे महिन्यात आंबे खायला यायचे. उरलेलं वर्ष घर, बाग आणि, त्या होत्या तोवर, सासूबाई ताईकडे. निवृत्त होऊन ते कायमचे गावी आले तेव्हा ताईनं पडवीत त्यांच्यासाठी आरामखुर्ची ठेवली आणि आता आपलंही माणूस घरात असणार म्हणून ती सुखावली. पहिले काही महिने बरे गेले. मग पुण्याहून लेकीनं त्यांना नवा फोन पाठवला.

फोनवर भावोजींना एक देश सापडला. जगाच्या पार दुसऱ्या बाजूचा, लहानसा, उष्ण हवेचा देश. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण भावोजी ते दर वेळी वेगळं उच्चारत आणि त्यातलं खरं कोणतं हे मला आजवर कळलेलं नाही. घरात त्याला 'तो देश' म्हणत. तिथं निवृत्त माणसं जाऊन राहतात, फार समाधानी असतात आणि त्या समाधानाचे व्हिडिओ करून इतरांना पाठवतात, अशी माहिती त्यांना एका गोऱ्या बाईच्या व्हिडिओतून मिळाली होती.

मी पोचलो तेव्हा भावोजी बागेत होते. दोन कलमांच्या मध्ये त्यांनी दोऱ्यांची झोळी बांधली होती, अंगात फुलाफुलांचा सदरा होता आणि डोळ्यांवर काळा चष्मा. झोळीत त्यांचा मधला भाग इतका खाली गेला होता की गुडघे आणि कपाळ एकमेकांच्या भेटीला आले होते.

"ये, ये," ते गुडघ्यांच्या मागून म्हणाले. "सराव चाललाय. तिथं दुपारी असंच पडतात."

"बरं वाटतं का?"

"वाटतं. फक्त उठता येत नाही. सकाळपासनं तुझ्या ताईला हाक मारतोय."

ताई हाकेच्या अंतरावर तांदूळ निवडत होती. "समाधानी माणसाला कशाला उठवायचं म्हणून नाही आले," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी मिळून त्यांना झोळीतून काढलं. मग पडवीत चहा आणि पाव घेताना भावोजींनी त्या देशाचं वर्णन सुरू केलं. मुंबईत त्यांनी हापिसाच्या नाटकांत राजाची कामं केली होती, त्यामुळे वर्णन करताना उजवा हात आपोआप उंच जातो.

"समुद्र," ते म्हणाले. "नजर पोचेल तिथपर्यंत समुद्र."

ताईनं मान वळवून माडांमधून दिसणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि परत चहात पाव बुडवला.

"झाडावरनं फळ काढायचं, तसंच खायचं. ताजी मासळी. नारळाचं पाणी. कुणाला घाई नाही. पाऊस पडतो तो असा, आणि पडून गेला की सगळं हिरवंगार. आणि जेवायला काय असतं माहितीय? भात आणि उसळ."

"म्हणजे उसळभात खायला विमानानं जायचं," ताई म्हणाली.

"अगो, प्रश्न खाण्याचा नाही, राहणीमानाचा आहे. त्या देशाला सैन्यसुद्धा नाही."

"मग बांधावरची भांडणं कोण सोडवतं?"

"भांडणंच नाहीत."

"बांध नसतील."

मी म्हटलं, "पण भावोजी, हे सगळं इथं आहे."

त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "इथं आहे, पण इथं ते बघायला कोण येतं? तिथं जगभरातली माणसं खर्च करून बघायला जातात. काहीतरी असल्याशिवाय जातील?"

मी हसत होतो, कारण तोवर मला तो सगळा खेळच वाटत होता. मग भाजी चिरायच्या निमित्तानं ताईनं मला आत बोलावलं.

आत तिनं सांगितलं ते असं. भावोजींनी बाग पुढच्या बऱ्याच वर्षांसाठी कराराने द्यायचं ठरवलं होतं. बाग घेणारा माणूस मोहोर बघायला येणार होता आणि तेव्हाच शब्द द्यायचा होता. बाग दिली की घराला कुलूप. गाय शेजाऱ्यांकडे. तिच्या पासपोर्टासाठी फोटोसुद्धा काढून झाला होता. त्यात ती अपघाताची बातमी ऐकल्यासारखी दिसत होती.

"तुला जायचंय?" मी विचारलं.

"ही कलमं मी लावली. एकेकाला कळशीनं पाणी घातलंय," ती म्हणाली. "घर मी राखलं. आता कुठं माणूस घरात आलं, तर ते मलाच घेऊन निघालंय."

"मग नाही म्हण ना."

तिनं विळीवर वांगं उभं धरलं आणि चिरलंच नाही. "ते इतके आनंदात असतात," ती म्हणाली. एवढंच.

मग मात्र माझं हसू थांबलं. तेव्हा ताईनंच तोड काढली. जेवताना तिनं त्याच सुरात सांगितलं, "एवढी मोठी गोष्ट आहे. देवाला न विचारता कशी करायची? कौल लावा."

आमच्याकडे विहीर खणायची, लग्न ठरवायचं, घराची जागा बदलायची, तर ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपलं म्हणणं मोठ्यानं देवापुढं मांडतो, आणि मग सगळे बघत उभे राहतात. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. भावोजी एरवी या गोष्टींना हसायचे. पण देवाची परवानगी मिळाली तर घरात कुणी बोलायला नको, हा विचार त्यांच्या मनात चमकलेला मला स्पष्ट दिसला. ताईला उलट वाटत होतं. तिच्या मते देवाला अक्कल होती.

देवळात आम्ही तिघं, गुरव, आणि कौल आहे म्हटल्यावर कामं टाकून आलेलं निम्मं गाव. अडचण सुरुवातीलाच आली. गुरवांनी विचारलं, "खय जायाचा हाय ता देवाला सांगूक होवा."

भावोजींनी देशाचं नाव सांगितलं. गुरवांनी ते तोंडात घोळवून पाहिलं आणि मान हलवली. "ह्या गाऱ्हाण्यात बसत नाय. आनि देवाला म्हायती नाय तर तो काय सांगनार? देवाची शीव पऱ्ह्यापाशी संपते." पऱ्ह्या म्हणजे गावाच्या हद्दीवरचा ओढा.

"मग असं म्हणा, अमेरिकेच्या खाली."

"खाली म्हंजे पाताळात काय?"

"नाही हो. दोन महासागर ओलांडून गेलं की..."

"देव शाकाहारी हाय," मागून एक म्हातारे मानकरी म्हणाले. बोलणं त्यांना अर्धंच ऐकू येत होतं आणि महासागराची त्यांच्या कानात सागोती, म्हणजे मटण, झाली होती. "सागोती चालनार नाय."

हा घोळ बराच वेळ चालला. कळ्या सुकायला लागल्या. शेवटी भावोजी वैतागून म्हणाले, "अहो, पाणी ओलांडून पलीकडे जायचंय, एवढं सांगा. पलीकडे. देवाला कळेल."

"पलीकडे," गुरवांचा चेहरा उजळला. "मग आदी सांगूक काय झाला व्हता?"

आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुजा लेकरू तुज्या पायाशी उभा हाय."

"व्हय म्हाराजा," सगळं देऊळ म्हणालं.

"पानी वलांडून पलीकडे जाऊन ऱ्हावा असा त्याच्या मनात हाय. तर त्याना जावा का न जावा, ता तू सांग म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

शब्द संपायचा अवकाश, उजवी कळी टपकन खाली पडली. कधीकधी या कळ्या तासभर हलत नाहीत. भावोजींनी दोन्ही हात वर केले, अगदी शेवटच्या अंकातल्यासारखे. ताईनं खांबाला हात लावला आणि तिथंच उभी राहिली.

मग मानकऱ्यांनी विचारलं, "होडी कदी सांगायची?"

"कसली होडी?" भावोजी म्हणाले.

"पलीकडे जायाला."

आता हे सांगायला हवं की ताईच्या गावात पलीकडे ही दिशा नाही. ते खाडीच्या दुसऱ्या काठावरच्या गावाचं नाव आहे. त्या गावाला सरकारी कागदावर दुसरं नाव आहे, पण ते तिथं कुणी वापरत नाही. पलीकडचा डॉक्टर, पलीकडची सून, पलीकडे चक्कीवर दळण. जन्मभर गावात राहिलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द दुसऱ्या अर्थानं येणंच शक्य नाही. तो येतो फक्त मुंबईत आयुष्य काढलेल्या माणसाच्या तोंडून.

"पलीकडे म्हणजे ते पलीकडे नाही," भावोजी म्हणाले. "पलीकडे म्हणजे पलीकडे."

"तेच तर," गुरव म्हणाले. "पलीकडे म्हंजे पलीकडे."

"परत लावा कौल."

गुरवांनी कानांना हात लावले. देवाला एकच गोष्ट दोनदा विचारत नाहीत. आणि उजवा कौल मिळाल्यावर न जाणं म्हणजे हो म्हणणाऱ्या देवाला तोंडावर नाही म्हणणं. त्यानंतर गावात कुणाची गाय आटली, कुणाचा पंप जळला, तरी बोट भावोजींकडेच गेलं असतं. त्यांना जावं लागणार होतं.

"ठीक आहे," ते अखेर म्हणाले. राजे हरल्यावर असेच म्हणतात. "आधी हे पलीकडे, मग ते पलीकडे. रंगीत तालीम समजू. बॅग भर गो."

"तुमची भरते," ताई म्हणाली.

"आणि तुझी?"

"गाऱ्हाण्यात लेकरू म्हणाले. एकच. मला हुकूम नाही." तिनं गुरवांकडे पाहिलं. गुरवांनी जरा आठवून मान डोलावली. घरची लक्ष्मी म्हणायचं त्या गडबडीत राहून गेलं होतं आणि आता ते मागून जोडता येत नव्हतं.

भावोजींचं परदेशगमन झालं ते पाहण्यासारखं होतं. ती खाडी केवढी, तर होडीत बसून विडा लावायला घेतला की चुना फासेपर्यंत पलीकडचा धक्का येतो. अलीकडे उभं राहून पलीकडे कोण दात घासतंय ते ओळखता येतं. तरीही देवाच्या हुकमानं चाललेला माणूस म्हणून सगळं रीतसर झालं. बायकांनी ओवाळलं, हातावर दही घातलं. मुंबईहून आणलेली चाकांची मोठी बॅग चौघांनी चिखलातून उचलून होडीत ठेवली. भावोजींनी काळा चष्मा लावला आणि उभ्यानं हात हलवत राहिले, तेव्हा होडीवाला म्हणाला, "बसा वो, नायतर आत्ताच पोचाल तळाला."

संध्याकाळी रत्नागिरीत एका ओळखीच्या गृहस्थांनी मला भावोजींची खुशाली विचारली. मी म्हटलं, "भावोजी पलीकडे गेले." ते बिचारे तिथल्या तिथं टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "कधी? मला कळवलंसुद्धा नाहीत." त्यांची समजूत घालताना माझी पुरेवाट झाली.

पलीकडे भावोजी एका मासळी विकणाऱ्या मावशींच्या घरी उतरले. मावशी रोज पाटी घेऊन ताईच्या दारात येणाऱ्या. त्यांनी माडीवरची खोली दिली. तिथं फोनला रेंज नव्हती. त्यामुळे भावोजी रोज संध्याकाळी धक्क्यावर येत आणि राहणीमानाचा वृत्तांत ओरडून देत. भरतीच्या वेळी पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. दोन्ही गावं ऐकत.

"इथली माणसं फार प्रेमळ आहेत."

"मंग आमी काय चावतो काय?" अलीकडून कुणीतरी विचारी.

"आज शिंपल्या खाल्ल्या, तिसऱ्या. एकदम ताज्या."

"त्या आमच्याच बाजूच्या," दुसरा कुणी सांगे.

"अगो, रक्तदाबाची गोळी कुठं ठेवलीस?"

"बॅगेच्या वरच्या कप्प्यात," ताईच्या आधी शेजारीण ओरडून सांगे. तोवर भावोजींच्या प्रकृतीची माहिती सगळ्या खाडीला झाली होती.

पण रोजच्या वृत्तांताच्या शेवटी ते एक वाक्य न चुकता म्हणत: "हे जमलं म्हणजे तेही जमेल." आणि ते ऐकलं की ताई घराकडे वळे. कलमांना मोहोर फुटायला लागला होता. बाग घेणाऱ्या माणसाचा दोनदा फोन येऊन गेला होता. लोक हसत होते, मीही त्यांत होतो, पण हसणं संपल्यावर घराला कुलूप लागायचं ते लागणारच होतं.

मग एका रविवारी मी गेलो तेव्हा ताई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होती. "चल," ती म्हणाली. "बघून येऊ या तुझ्या भावोजींचा देश."

होडीत बसल्यावर ती म्हणाली की पलीकडे ती शेकडो वेळा गेली होती, पण डॉक्टरकडे, बारशाला, नाहीतर कुणी गेलं म्हणून. नुसतं बघायला पहिल्यांदाच. आणि खरंच, ती नव्या माणसासारखी बघत होती. पाण्यात हात घालून बसली होती.

भावोजी धक्क्यावर स्वागताला उभे. त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं. मारुतीचं देऊळ दाखवलं, बर्फाचा कारखाना दाखवला, सुकत घातलेले बोंबील असे दाखवले की जणू ते तिथल्या सरकारनं आमच्यासाठी टांगलेत. मावशी मागून चालत होत्या. "चक्कीबी दाखवा," त्या म्हणाल्या, "ताईंनी कदी बघितली नसंल." ताई गेली कित्येक वर्षं तिथंच दळण दळायची.

शेवटी खडकांच्या पुढची लहानशी वाळूची पुळण आली. तिथं सुरूच्या सावलीत आम्ही बसलो. समोर खाडीचं तोंड, त्याच्याही पुढं उघडा समुद्र. कुणीच नव्हतं. फक्त एक कुत्रा, तोही झोपलेला. ताई बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "खरंच छान आहे."

भावोजी फुलले. "मग? तिकडे असंच, पण मोठं."

"तुम्ही देवाला विचारलंत," ताई म्हणाली. "गुरवांना विचारलंत. बाग घेणाऱ्याला विचारलंत. त्या व्हिडिओतल्या गोऱ्या बाईलासुद्धा लिहून विचारलंत."

भावोजींचा वर चाललेला हात मध्येच थांबला. मी उठून कुत्र्याकडे जावं असं मला वाटलं, पण ऐकायचंही होतं, म्हणून जागचा हललो नाही.

"तुला यायचं होतं का?" त्यांनी विचारलं. त्यांनी ताईला तिच्या मनातलं विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आजवर सांगतानाच ऐकलं होतं.

"नाही."

"मग बोलली का नाहीस?"

ताईनं पदरावरची वाळू झटकली. "तुम्ही मुंबईहून यायचात ते चार दिवसांसाठी. त्या चार दिवसांत कशाला नाही म्हणायचं, असं करत करत मला नाही म्हणायची सवयच लागली नाही. आणि आता तुम्ही इतके आनंदात."

भावोजींनी काळा चष्मा काढला. चष्म्याच्या आकारापुरते ते गोरे राहिले होते आणि त्यामुळे फार आश्चर्यचकित दिसत होते. किंवा असतीलही. चष्मा पुसत ते म्हणाले, "एकट्यानं नाही गो बरं वाटत इथं. प्रेमळ आहेत, पण संध्याकाळी ओरडून बोलायला लागतं."

"मी नाही येणार," ताई परत म्हणाली. एकदा जमल्यावर तिला ते आवडलेलं दिसलं.

"मग मी येतो," भावोजी म्हणाले.

बॅग भरताना मावशी दारात उभ्या होत्या. "येवड्यात व्हिसा संपला काय?" त्यांनी विचारलं आणि वाटेत खायला म्हणून तिसऱ्यांची पिशवी दिली. वाटेत, म्हणजे चुना फासेपर्यंतच्या प्रवासात.

धक्क्यावर गाव जमलंच होतं. देवाच्या हुकमाचं काय, असं कुणीतरी खोचून विचारलं. गुरवांनी विचार केला. "देवान जा सांगितलान. ते गेले. किती दिस ऱ्हावा ता आपन कुटं इचारला व्हता?" यावर सगळ्यांचं समाधान झालं. बाग घेणाऱ्याला भावोजींनी त्याच संध्याकाळी फोन केला, आणि फोन उचलला जाण्याआधी ताईकडे वळून विचारलं, "नको म्हणून सांगू ना?" ती हो म्हणाली.

तिथपासून ते विचारायला लागले ते आजतागायत. परवा जेवायला गेलो होतो तर पानावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, खिडकी लावू का. मग, पाणी आत्ता पिऊ का मागाहून. मग, लोणच्याची बरणी इथं ठेवलेली चालेल का, की तुला तिथं हवीय. मग, दुपारी झोपलो तर तुझी काही हरकत आहे का. ताई भात वाढता वाढता थांबली.

"अहो," ती म्हणाली, "आठवड्यातनं एखादी गोष्ट तरी तुमच्या मनानं करा."

भावोजींनी आमटीचा एक भुरका मारला. मग, मान वर न करता, हळूच म्हणाले, "कुठली करू?"